पुढे असताना हरणं

आज संध्याकाळी माझ्या मुलानं लॅपटॉप धाडकन मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड' हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम खेळत होता. जुना, २००५चा, मामानं इन्स्टॉल करून दिलेला. सर्किट रेसचा शेवटचा लॅप, मागे कुणी दिसतसुद्धा नव्हतं. चौकात एक टॅक्सी आडवी आली, गाडी जराशी घासली आणि मागचे तिघं एका दमात पुढे. झाला चौथा. घरातल्या मोठ्यांचं लगेच सुरू, "गेमच तर आहे, एवढं काय त्यात?"

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. भारताची मॅच हरली की हीच मंडळी रात्री नीट जेवत नाहीत. मैदानावर त्यांच्या घरचं कोण असतं? पोरानं तर स्वतः गाडी चालवली होती, आणि फार सुंदर चालवली होती.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना माहितीये. तुम्ही पुढे निघालात की मागच्यांना गेमच वेग पुरवतो. रबर बँडिंग म्हणतात त्याला. तुम्ही एकेक रेस जिंकून पैसे साठवायचे, इंजिन, टायर, नायट्रो घ्यायचं, गेममधल्या रॉकपोर्ट शहराची वळणं पाठ करायची, आणि मिळवलेली आघाडी गेमनं परत काढून घ्यायची. हा अन्याय आहे. मी हाच शब्द वापरणार.

माझा धाकटा भाऊ असाच रडला होता. लोडशेडिंगचे दिवस, बाहेरच्या खोलीत एकच कम्प्युटर. तो बाणांच्या कळांवर, मी शेजारी बसून कोपऱ्यातला नकाशा बघणार. "उजवीकडे घे! पुढं रोडब्लॉक!" ब्लॅकलिस्ट म्हणजे एकेकाला हरवत जायचं अशा पंधरा रेसरची यादी, तिच्यातून वर चढत आम्ही एक नंबरच्या रेझरपर्यंत पोचलो होतो. सुरुवातीला गाडीत बिघाड करून आपली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर लाटणारा तो रेझर. भावानं अख्खी रेस एकही चूक न करता चालवली, आणि शेवटच्या वळणावर तो रेझर कुठून तरी आला आणि निघून गेला. भाऊ उशीत तोंड खुपसून रडला. लाइट गेली होती म्हणून कुणाला दिसलं नाही, मला ऐकू येत होतं.

हो, मागचे कधीच जवळ येणार नसतील तर पहिल्या मिनिटानंतर एकट्यानंच चालवत बसावं लागेल, मान्य. मग निदान ब्लॅकलिस्टच्या रेसमध्ये तरी ते बंद करायचं बटण द्या ना! पोरांच्या मेहनतीवर कसली रंगत आणता?

पोलिसांच्या पाठलागात पकडले गेलो तर आम्हाला कधी इतकं लागलं नाही. खिळ्यांच्या पट्टीवरून टायर गेला, चूक दिसते. आणि तिथली मजा! मागे सायरन, रेडिओवर आपलीच गाडी शोधा म्हणून ओरडा, आपण त्या मोठ्या डोनटच्या खांबाला धडकून डोनट पोलिसांच्या अंगावर पाडायचा, मग आडोशाला जाऊन गाडी उभी करायची. कूलडाउनची पट्टी भरेपर्यंत, म्हणजे पोलीस शोध सोडेपर्यंत, आम्ही दोघं श्वाससुद्धा हळू घ्यायचो. लिहितानाही हात गार पडलेत माझे.

टोलबूथ रेसही तशीच प्रामाणिक. समोर कुणी नाही, फक्त घड्याळ. रेझरशी हरल्यावर भाऊ चिडून त्याच खेळत बसला होता. सेकंद वाचले की ते आपलेच, कुणी काढून घेत नाही.

आणि मग एका रात्री रेझर हरला. आपली एम३ परत मिळाली. अख्ख्या शहराचे पोलीस मागे लागले, गेममध्ये आपल्याला मदत करणाऱ्या मियाचा फोन आला, जुन्या पुलाकडे जा म्हणून. त्या तुटक्या पुलावरून गाडी उडाली तेव्हा आम्ही दोघं इतके ओरडलो की बाबा झोपेतून उठून आले. त्यानंतर बारावीचा निकाल लागला, नोकरी लागली, लग्न झालं. भावाला तसं ओरडताना मी पुन्हा पाहिलेलं नाही.

"अशानं पोरं रस्त्यावर गाड्या हाणतात" असंही आज ऐकवलं गेलं. तोच भाऊ आज हायवेला ऐंशीच्या वर जात नाही. विषय संपला.

मुलाला मी समजवायला गेले नाही. एवढंच म्हटलं, तू छान चालवलीस, मी बघत होते. तो अजून सहा नंबरच्या मिंगपाशी आहे, बरंच चढायचंय.

तुम्ही ब्लॅकलिस्टवर कुणापाशी अडकला होतात? खाली लिहा, त्याला वाचून दाखवणार आहे. आम्हाला दोन नंबरच्या बुलनं फार छळलं होतं. त्याच्या मर्सिडीजला कसं गाठायचं हे कुणाला आठवत असेल तर तेही सांगा.