समुद्र विकत घेताना

घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्याला मीठ निवडावे लागते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपले भाग्य थोर समजावे. स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते आणि समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी विरघळून बसलेली असतात. म्हणून परदेशातून बादलीबंद मीठ येते. आधी नळाच्या पाण्यातले सगळे क्षार पैसे मोजून आरओ-डीआय यंत्राने काढून टाकायचे आणि मग त्याहून जास्त पैसे मोजून, लिटरमागे साधारण 36 ते 38 ग्रॅम, दुसरे क्षार त्यात कालवायचे, म्हणजे पाण्याचा खारटपणा समुद्राइतका, हजारी 35 भागांवर येतो. या उरफाट्या कारभारालाच आम्ही छंद म्हणतो.

आमचे घर दादरला, चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे बादली आली की आई विचारते, “अरे, समुद्र दाराशी असताना तू जर्मनीहून मीठ कशाला मागवतोस?” मी तिला किनाऱ्यालगतचे सांडपाणी, तेलाचा तवंग, पावसाळ्यात पाण्याचा उतरणारा खारटपणा हे सगळे शास्त्रशुद्ध समजावतो. ती शांतपणे ऐकून घेते आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी-हाजीअलीची प्रवाळे उचलून दुसरीकडे नेल्याची 2020 सालची बातमी काढते. “म्हणजे तोवर ती त्याच पाण्यात जगत होती ना?” यावर माझ्याकडे शास्त्रशुद्ध असे काही उरत नाही.

खरी पंचाईत बादल्यांची आहे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने जगभरातून आणलेले समुद्राच्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि 1884 साली दाखवून दिले, की पाणी कुठे कमी तर कुठे जास्त खारट असले, तरी मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण सगळीकडे जवळपास सारखेच असते. सृष्टीने एकच कृती ठरवून विषय संपवला. कंपन्यांनी तो तिथून पुढे सुरू केला. समुद्राच्या पाण्याचा केएच, म्हणजे ज्यातून प्रवाळांना सांगाडा बांधायला कार्बोनेट मिळते तो क्षारगुण, सुमारे 7 असतो. ‘रेड सी’ या एकाच कंपनीच्या निळ्या बादलीत तो 8 च्या आसपास आणि ‘कोरल प्रो’ नावाच्या काळ्या बादलीत 12 च्या आसपास. थोडक्यात, समुद्रापेक्षा सरस समुद्र काळ्या बादलीत मिळतो. छंदातल्या जाणकारांना विचारावे, तर प्रत्येकाच्या लेखी नावडत्या कंपनीचे मीठ अळणी.

वास्तविक मला या 12 चा काडीचा उपयोग नाही. तो भरघोस केएच लागतो दगडी सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना, आणि ती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. माझ्याकडे आहेत ती झोअँथिड आणि मशरूम नावाची मऊ अंगाची प्रवाळे, ज्यांना असला सांगाडा बांधायचाच नाही. तरीही दुकानात काळी बादली दिसली की माझा जीव तिच्याभोवती घोटाळतो, कारण ‘प्रो’ हा शब्द वाचून मागे हटणे मध्यमवर्गीय मनाला जड जाते.

बादलीवरच्या आकड्यांवर विश्वास नको म्हणून मी कालवलेल्या पाण्याचा केएच घरी तपासतो. नमुन्यात रंगद्रव्य घालून वर सिरिंजने थेंब थेंब रसायन सोडायचे आणि निळसर पाणी तांबूस होईल तिथे थांबायचे, इतकी ही परीक्षा सोपी आहे. परंतु तांबूस म्हणजे नेमके काय, यावर घरात एकमत नाही. आई कुपी उजेडात धरून “ही अबोली” म्हणते, पत्नी “छे, गाजरी” म्हणते, आणि अबोली ते गाजरी या प्रवासात आणखी दोन थेंब पडून केएच वर चढतो. दोघींनी आयुष्यभर साड्या निवडल्या असल्याने कोणीच माघार घेत नाही. मी दोन्ही आकड्यांची सरासरी वहीत लिहितो.

त्यातून पावसाळा जवळ आला. या मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतली ओल अधाशासारखी शोषतात, आणि मुंबईच्या जुलैत नीट न झाकलेल्या बादलीत पहारीने फोडावा असा कातळ तयार होतो. शेवटी मी निळ्या बादलीपर्यंत येऊन ठेपलो होतो, पण विक्रेत्याला फोन लावला की पुन्हा काळीबद्दल विचारत बसे. माझ्या केएच, मॅग्नेशियम, पोटॅशियम या सर्व प्रश्नांना तो “टॉप क्वालिटी आहे, सर” एवढेच उत्तर देत होता. आईने हात पुढे करून फोन घेतला आणि विचारले, “झाकण घट्ट बसते का हो? मीठ संपल्यावर मला त्यात तांदूळ ठेवायचे आहेत.”

पलीकडचा माणूस पहिल्यांदाच खुलला. कोणत्या बादलीच्या झाकणाला आतून रबरी कडे आहे, कोणाचे पहिल्यांदा उघडतानाच तडकते, कोणाची कडी महिन्याभरात निखळते, हे त्याने तिला पाच मिनिटे सविस्तर सांगितले. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, “निळीच घे. दोन घे.”