पोळ्याला आठवतो गणपती!

पोळा झाला, गणपती ४ दिवसांवर, आणि आता कारखान्यात येऊन म्हणायचं, "फूटभर शाडूची मूर्ती हवी, आमच्या मनासारखी!" अहो, ती माती आहे! पुण्याच्या श्रावणातल्या दमट हवेत सावलीत वाळायलाच १०-१२ दिवस लागतात. "मग हीटर लावा ना!" लावला की वरचा थर आधी आकसतो, आतला गाभा ओलाच राहतो आणि तडा जातो. कुठे? सोंडेच्या वळणावर, मनगटात, कानाच्या मुळाशी. जिथे जाड भागाला बारीक भाग जोडलाय तिथेच. भेग बुजवायला ओली माती भरली की पुन्हा वाळायची वाट बघा. ओलीवरच रंग दिला तर पोपडे निघणार. मग बोल कुणाला लावणार? मूर्तिकारालाच ना?

आणि डोळ्यांची आखणी? बारीक कुंचला, श्वास रोखलेला, हात जराही हलता कामा नये. बुबुळ केसभर सरकलं तरी नजर फिरते. हे काम रात्री २ वाजता, सकाळच्या गिऱ्हाइकाच्या धाकात करायचं? चतुर्थीची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते. आषाढात का नाही येत कुणी?