आधी कावळा बसवून घ्या

डोक्याला अजिबात तोशीस न देता कार्यकारणभाव सिद्ध करायची कला आपल्याकडे घरोघरी आहेच. नुकताच डेंग्यू होऊन गेल्यामुळे मला तिचं उच्च शिक्षण खाटेवर पडल्या पडल्या मिळालं. होतकरूंसाठी त्यातल्या काही युक्त्या देतो.

सर्वांत आधी वेळ साधायला शिका. डेंग्यूत प्लेटलेट्स काही दिवस खाली जातात आणि मग बहुतेकांच्या आपोआप वर येऊ लागतात. म्हणून पपईच्या पानांचा रस घेऊन पोचायचं ते आकडा तळाला गेल्यावरच. माझा ४२,००० झाला त्या संध्याकाळी समोरच्या काकू स्टीलच्या पेल्यात हिरवागार रस घेऊन वॉर्डात हजर. वर फेस, तळाशी चोथा. दोन घोट कसेबसे गेले, तिसऱ्याला सगळं बेसिनमध्ये. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला ५८,०००. "बघितलंस?" काकू म्हणाल्या. रस पोटात राहिलाच नाही, असं सांगून पाहिलं. "जिभेला लागला ना? पुरे होतं तेवढं."

श्रेय वाटताना हात आखडू नका. किवी आत्याचं, शेळीचं दूध मेहुण्याचं, गुळवेल मावशीची, रस काकूंचा. रिपोर्ट एक, मानकरी चार. रात्रभर सलाईन बदलणारी सिस्टर कुठेच नाही.

मॅच चालू असताना सोफ्यावरची जागा सोडू नका.

आजोबा रोज बंडलभर विड्या ओढून नव्वदी गाठून गेले, हे वाक्य कायम खिशात ठेवा. जे पन्नाशीतच गेले त्यांचे नातू वाद घालायला येत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनातल्या जुन्या तर्कपंडितांना, एक वाईट खोड होती. स्वयंपाकघरात धूर आहे आणि विस्तवही आहे, एवढ्यावर त्यांचं भागत नसे. तळ्यात विस्तव नाही आणि धूरही नाही, हेही ते बघून घेत. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. तुम्ही व्यतिरेकाच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. रस न पिता ज्यांच्या प्लेटलेट्स वाढल्या त्यांची चौकशी करायची नाही. पिऊनही ज्याला आयसीयूत हलवलं, त्याला "उशीर केला असेल" म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या शेजारच्या खाटेवर परगावचा एक मुलगा होता. त्याला रस सोडाच, डबा आणणारंही कोणी नव्हतं. त्याचा आकडा माझ्याआधी लाखाच्या वर गेला. काकूंनी त्याला न्याहाळलं आणि निकाल दिला, "तरणं रक्त आहे." म्हणजे माझं वाढलं ते रसाने, त्याचं वाढलं ते वयाने, आणि उद्या कोणाचं नाहीच वाढलं तर ते त्याच्या नशिबाने. हरायची सोयच नाही! १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. उरलेल्या पाच जोड्या समोर होत्या, म्हणून तर ते लिंबाचं काम हे कळलं. काकू त्या जहाजावर असत्या तर बाराही जणांना पपईची पानं वाटून किनाऱ्याला लागल्या असत्या.

पपईच्या पानांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, काहींत आकडा जरा लवकर चढलेलाही दिसलाय, हे मला माहीत आहे. पाठवू नका. आकडा चढला म्हणजे माणूस वाचला, हे कोणी ठरवलं? डॉक्टर प्लेटलेट्सपेक्षा हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती), बीपी आणि लघवी किती झाली हे जास्त बघत होते, कारण डेंग्यूत जीव जातो तो बहुधा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. आणि ते झिरपणं बहुतेक वेळा ताप उतरता उतरता सुरू होतं. पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे. नेमकं तेव्हाच आमचे एक काका रिसेप्शनवर जाऊन डिस्चार्जसाठी भांडत होते! कशाच्या जोरावर? तर रसाने ताप उतरलाय, आता इथे ठेवून बिल वाढवतायत. माझं पोट तेव्हा दुखत होतं. उलट्या होत होत्या. त्या धोक्याच्या खुणा आहेत, असं सिस्टर सांगत होती, तर काका तिलाच दटावत होते.

उपरोध गेला खड्ड्यात. अहो, रसानंतर बरं वाटलं म्हणजे रसाने बरं वाटलं, एवढ्या एका उडीवर तुम्ही दुसऱ्याचा जीव टांगता? तुमच्या पेल्याला नाही म्हटलं तर रुसता, आणि सलाईन काढायला लावताना हात कापत नाही? कारणच शोधायचंय ना, मग डास कुठून आला ते शोधा की! एडिस साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, दिवसाढवळ्या चावतो. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय, सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगून झालं, दरवेळी "बघू" म्हणालात. काकू, तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरल्यात, माझ्या खिडकीतून दिसतात. त्या आधी ओता. आणि काका, झाकणाची वर्गणी तुमचीच राहिलीय.