सहा माणसं, तीन तिकिटं

दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस होते. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बायकोनं विषय काढला, "अहो, पोरांना कुठंतरी फिरवून आणूया की. स्वस्तातलं बघा." यातलं 'स्वस्तातलं' माझ्या वाट्याला आलं आणि 'कुठंतरी' बाकीच्या पाच जणांच्या.

मी पोरीच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं आणि वर ठळक लिहिलं, 'बजेट 500 रुपये'. धाकट्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "पप्पा, प्रत्येकी?"

पहिला रंकाळा तलाव सुचवला. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, चालत दहा मिनिटं. पण पेठेतल्या माणसाच्या लेखी रंकाळ्याला जाणं म्हणजे कोपऱ्यावरनं दूध आणणं. "त्यो तर आपलाच हाय, त्याला काय बघायला जायाचं?" असं म्हणून आईनं तो निकालात काढला. पोरीचं दुखणं वेगळंच. "सुट्टीत कुठं गेलीस असं बाईंनी विचारलं तर वर्गात उभं राहून 'रंकाळ्याला' म्हणू?" आणि खरं सांगायचं तर रंकाळा स्वस्त आहे हा गैरसमज आहे. जायला काही पडत नाही, उठायला पडतं. भेळ, कणीस, आईस्क्रीम, फुगा, फुगा फुटल्यावर दुसरा फुगा.

मग टाऊन हॉल. बागेत गर्द झाडी, बसायला सावली, सगळं मनासारखं. पण आमचे आबा इतिहासाचे निवृत्त मास्तर. टाऊन हॉलची इमारत 1872 ते 1876 या काळात झाली हे ते फाटकातच सांगायला घेतात, आणि आत संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंपाशी पोचेपर्यंत पोरं बाहेर पळालेली असतात. गेल्या खेपेला एका कपाटासमोर आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो. नव्या राजवाड्याला तिकीट, गुणिले सहा. कणेरी मठावरच्या गावाच्या देखाव्याला धाकटा घाबरतो, पुतळे आपल्याकडे बघतात म्हणतो. मलाही थोडं तसंच वाटतं, पण मी बोलत नाही.

इतका वेळ गप्प बसलेल्या आबांनी चष्मा पुसला आणि हुकमाचं पान टाकलं. "पन्हाळा. एसटीनं. मला फुकट."

आबांना गेल्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हापासून हे चाललंय. 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, हे कळल्यापासून म्हातारा घरात ठरत नाही. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे आई अर्धी, बायको अर्धी. पोरगी दहाची, धाकटा सहाचा, दोघं अर्धी. आबा शून्य. घरात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा. बेरीज केली तर सहा माणसांत तीन तिकिटं. मला गहिवरून आलं. ही सवलत एसटीची, शहरातल्या केएमटी बसची नव्हे, म्हणून तर दहा मिनिटांवरचा रंकाळा सोडून वीस किलोमीटरवरचा पन्हाळा परवडतो, असा सिद्धान्तही मी त्या कागदावर मांडला.

सकाळी सिद्धान्ताला पहिलं भोक पडलं. पेठेतनं सीबीएस स्टँडला सहा माणसं आणि तीन डब्यांची पिशवी एका रिक्षात मावेनात. दोन रिक्षा केल्या. एसटीच्या तीन तिकिटांपेक्षा त्यांचं भाडं जास्त झालं.

गाडीत कंडक्टर आला. आबांनी आधार कार्ड असं पुढं केलं, जणू गडाची किल्ली. आईचं वय सत्तर, आणि तिचं गणित रात्रभर पक्कं झालं होतं. "हे बघा, बाई म्हणून माझं अर्धं माफ. पासष्टच्या वर म्हणून पण अर्धं माफ. अर्धं आणि अर्धं एक. म्हणजे माझं पण फुकटच की वं!"

कंडक्टर कोल्हापूरचाच. तिकिटाचं मशीन खाली न ठेवता म्हणाला, "मावशी, अर्ध्याचं अर्धं केलं तरी पाव उरतोय. आणि पावाचं बटण नाही ह्यात." सगळी गाडी हसली. आई पन्हाळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

वर पोचलो तर आख्खा महाराष्ट्र माझाच कागद वाचून आल्यासारखा जमलेला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे, हे आबांनी आम्हांला सांगितलं, मग शेजारच्या कुटुंबाला, मग गॉगल विकणाऱ्या पोराला. त्यानं ऐकून घेतलं आणि धाकट्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवला. गॉगल परत निघाला नाही.

तीन दरवाजा बघितला, सज्जा कोठीवरनं खालचं खोरं बघितलं. पोरांचा एकच धोशा, "बाग कधी?" तबक उद्यानात नेलं, तर दोघं धावत जाऊन घसरगुंडीच्या रांगेत उभी. अशीच घसरगुंडी आमच्या घरामागं आहे. तिथं रांगही नसते.

अंबरखान्यापाशी धाकट्यानं भुकेचा सूर लावला. आबा गरजले, "1660 साली महाराज इथं सिद्दी जौहरच्या वेढ्यात महिनोन्‌महिने होते. तुला चार तास कळ काढवत नाही?" समोर धान्याची तीन कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं. बायकोनं पिशवीतनं आपले तीन डबे काढून ओळीनं मांडले. गंगेत भाकरी, यमुनेत झुणका, सरस्वतीत दिवाळीचा उरलेला चिवडा, जो पाडव्यापासून कोणी तोंडाला लावत नव्हतं.

नेमका वारा फिरला. पलीकडं एक मावशी चुलीवर भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, त्यांनी ती निखाऱ्याला लावली, आणि तो खरपूस वास सरळ आमच्या सतरंजीवर येऊन बसला. शेजारी मडक्यातलं दही, ठेचा, फोडलेला कांदा. पाटी, 'झुणका-भाकर'. पोरांनी डब्याकडं बघितलं, मग पाटीकडं. मीही बघितलं, बायकोच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. तिच्या लक्षात आलं.

"माझ्या झुणक्याला काय काटे हायत?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, हे बारा वर्षांच्या संसारात शिकलोय. मी गडाच्या तटबंदीवर मन एकाग्र केलं. तेवढ्यात आबांचा आवाज मागून नव्हे, समोरनं आला. वेढ्याचे सेनापती कधीच उठून चुलीपाशी जाऊन बसले होते. "सहा ताटं लावा," ते मावशींना सांगत होते, "आणि दही जरा जास्त."

सहा ताटांत सवलत नव्हती. अर्धं ताट मिळत नाही, मी विचारून बघितलं. बायको रुसून आधी नको म्हणाली, मग चव म्हणून एक घास, मग दुसरी भाकरी. "पीठ ताजं दिसतंय," एवढीच तिची कबुली. घरचे डबे जसे गेले तसे परत आले, आणि रात्री मीच ते संपवले.

घरी येऊन कागद काढला. रिक्षा जाता-येता दोनदा, गॉगल, ताटं, लिंबू सरबत, परतीच्या गाडीची वाट बघताना दोन कणसं. बेरीज 1,360. आबा खांद्यावरनं बघत होते. "ह्यात माझ्या तिकिटाचा एक पैसा नाही बघ," ते समाधानानं म्हणाले.

सोमवारी सकाळी ते चपला घालून तयार. रंकाळ्याच्या कट्ट्यावरचे पंचाहत्तरीपुढचे आणखी तिघं दारात उभे. "पन्हाळ्याला चाललोय. सगळ्यांचं फुकट," आबा म्हणाले आणि हात पुढं केला. "झुणक्यापुरते तेवढे पाचशे दे."