काकांचा चारित्र्याचा दाखला आणि थायलंडचा व्हिसा

धाकट्या काकांनी परवा प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून टीपॉयवर ठेवला. "झालं बघ पोलिसांचं काम. आता थेट थायलंड." कागद म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला. खाली गोल शिक्का, आणि कारणाच्या रकान्यात छापलेलं: खाजगी नोकरी. काका 64 वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. सायबर कॅफेतल्या पोराने यादीतलं पहिलं दिसलं ते कारण टिचकवलं होतं.

मूळ शोधलं तर अर्थातच व्हॉट्सॲप. 'थायलंडमध्ये निवृत्ती – संपूर्ण माहिती', शेवटी हात जोडलेले पाच. घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तीनदा आलाय, त्यातला दोनदा काकांकडूनच. त्याचं म्हणणं असं: दाखला जवळच्या पोलीस ठाण्यातून घ्या, एकदा काढला की कायम चालतो, पन्नाशीच्या पुढे तो लागतच नाही, मधुमेह असेल तर मेडिकलमध्ये उडवतात, वकिलातीत पहाटे रांग लावा, नाहीतर आठ हजारांत एजंट सगळं घरपोच देतो.

आधी ती पन्नाशी. काका ज्याच्या मागे आहेत तो नॉन-इमिग्रंट ओ-ए, म्हणजे निवृत्तांचा एक वर्षाचा व्हिसा, मुळात मिळतोच 50 पूर्ण केलेल्यांना. आणि त्याच्याच अटींमध्ये गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला मागितलाय. पन्नाशीनंतर सूट असेल तर तो दाखला द्यायचा कोणी, बालवाडीतल्या पोरांनी? बरं, एकाच फॉरवर्डमध्ये दाखला ठाण्यातून घ्यायचाही आहे आणि लागतही नाही! काकांनी आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणं तपासली. स्वल्पविराम चुकला तरी फाइल परत पाठवायचे. इथे मात्र काहीच खटकलं नाही.

आता ठाणं. परदेशी व्हिसासाठी जे पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, लागतं ते पासपोर्ट ऑफिस देतं, पोलीस नाही. पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर अर्ज, 500 रुपये फी, अपॉइंटमेंट. 28 सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात, त्यामुळे जिल्ह्याच्या गावाला हेलपाटा घालायलाच हवा असंही नाही. त्या कागदावर पासपोर्टचा नंबर असतो आणि कोणत्या देशासाठी दिलाय तेही असतं. काकांच्या दाखल्यावर यातलं काहीही नाही. तो इथल्या नोकरीसाठी वगैरे ठीक. पोलिसांचा संबंध येतो हे मान्य करते, पण उलट्या दिशेने: पत्ता बदललेला असेल किंवा जुनी पडताळणी पुरेशी वाटली नाही, तर पासपोर्ट ऑफिसच पोलिसांना विचारतं. आपण जाऊन शिक्का मागायचा नसतो.

आणखी एक. त्याच वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय की पीसीसी मिळतं ते परदेशी वास्तव्य, नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठी. टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला ते देत नाहीत. एवढी एक ओळ वाचली असती तर अर्धा फॉरवर्ड तिथेच निकालात निघाला असता.

'कायम चालतो' यानेच लोकांचं खरं नुकसान होतं. थायलंडच्या नियमात हा दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा, वर नोटरी. मेडिकलचंही तसंच. काका म्हणत होते दाखला आत्ता काढून ठेवू, एफडी आणि विम्याचं दिवाळीनंतर बघू. म्हणजे व्हिसाला लागणारे 8 लाख बाथ (थायलंडचं चलन) खात्यावर दाखवायची तयारी होईपर्यंत दाखला शिळा! अहो काका, पैशाचे कागद आणि विमा आधी, पीसीसी आणि मेडिकल सगळ्यात शेवटी, दोन्ही बरोबरीने.

मधुमेहाचं तर काहीही. मेडिकलमध्ये जे नसावं लागतं त्या यादीत कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्याचा उपदंश आहे. काकांची साखर थायलंडला नको असेल तर ती फक्त काकूंच्या धाकाने. रांगेचंही जुनं झालं, 1 जानेवारी 2025 पासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन भरतात. आणि एजंट घरपोच कसं देणार? पासपोर्ट केंद्रात अर्जदाराला स्वतः जावं लागतं, तिथेच फोटो काढतात. पासपोर्ट आणि आधारच्या कॉप्या मात्र एजंटकडे आयत्या जातात.

एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने, नाइलाजाने. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आधी टुरिस्ट म्हणून जायचं आणि तिथेच नॉन-ओ, म्हणजे ओ-एसारखाच दुसरा व्हिसा, करून घ्यायचा, त्यात हा दाखला सहसा मागत नाहीत. खरं आहे, असे करणारे आहेत. पण मग पैसे थायलंडच्या बँकेत हवेत, आणि टुरिस्टला तिथे खातं उघडून मिळणं हा वेगळा ताप. ओ-एला पैसे इथल्या खात्यावर चालतात.

हे सगळं ऐकून काकांनी पीसीसीसाठी मंगळवारची अपॉइंटमेंट घेऊन टाकली होती. मी रद्द करायला लावली, विम्याची पॉलिसी हातात आली की पुन्हा घ्यायची. फोल्डर बंद करता करता म्हणाले, "मग या दाखल्याचं काय करू?"

"ठेवा," म्हटलं, "नोकरी लागली तर."