गॅस भरला होता, काट्यावर मोजून भरला होता

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीनं वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय : ‘सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, एसी थंड करत नव्हता म्हणून इथं दाखवली. २,८०० रुपये घेतले. चार दिवसांत पुन्हा गरम हवा. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं गेज लावून दाखवलं, आत गॅसच नाही. म्हणजे यांनी भरलाच नव्हता. वर फोनही उचलत नाहीत.’

आधी फोनचं. तुमचे फोन आले ते दोन दिवस जोतिबाच्या यात्रेचे. गॅरेज बंद होतं, पोरं सासनकाठीबरोबर डोंगरावर होती आणि तिथल्या गर्दीत मोबाइल लागत नव्हता. तरी खाली आल्यावर मी स्वतःहून फोन करायला हवा होता, तो राहिला. हौसेनं घेतलेली गाडी घेऊन गोव्याला गेलात आणि येताना काचा खाली करून घामानं भिजत यावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. माफ करा.

पण ‘भरलाच नव्हता’ हे कसं ऐकून घेऊ? याचा अर्थ मी चोर असा होतो.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी आली तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता. मी प्रेशर मोजायचं गेज लावायला गेलो तर लो साइडच्या, म्हणजे कमी प्रेशरच्या, नळीचं टोपण जागेवर नव्हतं, आणि टॉर्च मारल्यावर तिथं जुन्या यूव्ही डायचे (लीकेज शोधायला गॅसबरोबर सोडतात त्या रंगाचे) वाळलेले पिवळट डाग दिसले. मी तुम्हाला तेव्हाच म्हणालो, ‘साहेब, तुमच्या आधी कुणीतरी या गाडीत लीकेज शोधलंय.’ आतला गॅस मशीननं काढला तो १४० ग्रॅम निघाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर ५५० ग्रॅम लिहिलंय. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. पाइप बंद असतात, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला.

मग लीकेज तपासायला नायट्रोजन १५० पीएसआय प्रेशरनं भरून ठेवला. अर्ध्या तासात गेजचा काटा दहानं उतरला. कंडेन्सर, कॉम्प्रेसर, सगळे जॉइंट साबणाच्या पाण्यानं बघितले, कुठं बुडबुडा नाही. राहिली डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल. खात्रीसाठी मी गाडीखाली आडवा झालो आणि कॉइलचं पाणी बाहेर पडतं त्या रबरी नळीच्या तोंडावर टॉर्च मारला. तिथं हिरवट तेलकट ठिपका होता, म्हणजे डाय मिसळलेलं तेल कॉइलमधूनच गळत होतं. तो तुम्ही वाकून बघितलात, मोबाइलवर फोटोही काढलात. तो फोटो अजून असेल तर कृपया बघा.

कॉइल बदलायची म्हणजे स्टिअरिंग, एअरबॅग आणि अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. पार्ट दिल्लीहून मागवायचा. पार्ट आल्यावर दोन माणसांचं तीन दिवसांचं काम. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, ‘आत्ता फक्त गॅस भरून द्या, शनिवारी गोव्याला जायचंय, आल्यावर बघू.’ मी नको म्हणालो होतो. जॉब कार्डावर मी हातानं लिहिलंय : ‘कूलिंग कॉइल लीक, गॅस टिकणार नाही, ग्राहकाच्या सांगण्यावरून भरला.’ खाली तुमची सही आहे. तुमचं नाव-गाव इथं उघड करायचं नाही, म्हणून कार्ड टाकत नाही. गॅरेजमध्ये जपून ठेवलंय.

चाळीस मिनिटं व्हॅक्युम मारून पाइपातली हवा आणि ओलावा काढला, मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बरोबर ५५० ग्रॅम सोडला. काट्यावरचा आकडा उतरताना तुम्ही बघत होता. त्यानंतर एसीच्या जाळीत थर्मामीटर लावला तर ७ अंश. तुम्हीच म्हणालात, ‘आता कसं गार वाटतंय.’ साहेब, गॅस भरलाच नसता तर हे गार कुठून आलं? गॅस फार कमी असला तर प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. आणि गाडी नुसती उन्हात उभी असली तरी, एसी बंद असताना, ४० अंशांला त्या पाइपात साधारण १३० पीएसआय प्रेशर असतं. भोक असलेली कॉइल ते किती दिवस धरून ठेवणार? दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी गॅस संपलाय म्हणून सांगितलं ते खरंच सांगितलं. पण तो तुमच्या कॉइलमधून गेला, माझ्या सिलिंडरमध्ये राहिला नव्हता.

मी १९९८ ला या कामाला लागलो. तेव्हा जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असायचा, आता आर-१३४ए. इतक्या वर्षांत बिल जास्त झालं म्हणून लोक भांडलेत, वेळ लागला म्हणून चिडलेत. त्यात काही वेळा चूक माझीच होती. पण वजनात मारलं असं उद्यमनगरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. एप्रिल-मे हे आमचे वर्षाचे कमाईचे दोन महिने. तुमचं ते वाक्य वाचून परवा एका गिऱ्हाइकानं ठरलेली वेळ रद्द केली. दोन पोरांचे पगार याच दोन महिन्यांवर निघतात.

माझ्याकडून कमी पडलं ते एवढंच की जॉब कार्डावरचा शेरा मी बिलावर उतरवला नाही. घरी गेल्यावर माणसाच्या हातात बिल राहतं, कार्ड गॅरेजमध्ये. ते आता करतो. काट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंही पोरांना सांगितलंय, गर्दी कमी झाली की नीट बसवू.

२,८०० रुपये हवे असतील तर येऊन घेऊन जा, मी वाद घालणार नाही. फक्त ते वाक्य तेवढं काढा. आणि कॉइल बदलायची असेल, माझ्याकडेच असं नाही, कुठंही बदला, पण त्याबरोबर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवीन टाकायला सांगा. सिस्टीम उघडली की जुना ड्रायर हवेतला ओलावा ओढून घेतो, मग तोच कॉम्प्रेसरला मारतो. माझ्याकडे केलीत तर व्हॅक्युम आणि गॅसचे पैसे लावणार नाही. सकाळी दहाच्या आत आणा, इंजिन गार असताना. ती नळी पुन्हा दोघं मिळून बघू.

आपला,
गॅरेजमालक, उद्यमनगर, कोल्हापूर