भर दुपारी फुटबॉलची मॅच ठेवायची आणि वर प्लेअर पळत नाहीत म्हणून बोंबलायचं

डोकं फिरलंय अक्षरशः. अमेरिकेतली फुटबॉल मॅच सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं होत नाहीत तोवर आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतोच, "काय चालतायत बघ, करोडो घेतात आणि पळायला नको". आणि टाइप कुठून करतोय तर गादीवर लोळत, एसी लावून, रात्री साडेबाराला. अरे बाबा, तुझ्याकडे रात्रीचे साडेबारा म्हणजे तिकडे लॉस एंजेलिसला भर दुपारचे १२, सूर्य डोक्यावर, एवढं तरी कळू दे ना.

२०२५ चा अमेरिकेतला क्लब वर्ल्डकप आठवा, देशांचा नाही, क्लबांचा. पॅरिसचा पीएसजी आणि स्पेनचा अॅटलेटिको माद्रिद यांची मॅच लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये दुपारी १२ ला, तेव्हा युरोपात रात्रीचे ९, टीव्हीसाठी एकदम सोयीचं. मॅचनंतर अॅटलेटिकोचा मार्कोस योरेंते सांगत होता की पायाची बोटं दुखत होती, नखं दुखत होती, धड पळताही येईना आणि थांबताही येईना. सिनसिनाटीला तर जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबचे सब्स (राखीव खेळाडू) पहिला हाफ ड्रेसिंग रूममध्ये बसून बघत होते, कारण बेंचवर नुसतं बसणंसुद्धा नको झालेलं. न्यू जर्सीतल्या सेमीफायनलला चेल्सीच्या एन्झो फर्नांडिसला चक्कर यायला लागली, बिचारा मैदानातच आडवा झाला. अर्जेंटिनाकडून वर्ल्डकप जिंकलेला माणूस आहे तो, त्याला कामचोर म्हणता?

आणि ते "३३ डिग्री म्हणजे काय, आमच्या नागपूरला ४५ असतं" हे तर बंदच करा प्लीज. नुसत्या आकड्यावर काही नसतं, हवेत दमटपणा किती, ऊन थेट लागतंय का, वारा आहे का, सगळं धरावं लागतं. घाम वाळला तर अंग थंड होणार ना, दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळत राहतो, शरीराचं तापमान ३९ च्या वर जातं, अंग थंड करायला रक्त कातडीकडे पळतं आणि पायाच्या स्नायूंना कमी पडतं, एका मॅचमध्ये दोन-तीन लिटर घाम जाऊ शकतो, मग तो माणूस शेवटच्या दहा मिनिटांसाठी दम राखून ठेवणार नाही तर काय करणार? २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपवर अभ्यास झालाय, जास्त उष्णतेच्या मॅचेसमध्ये स्प्रिंट कमी झाले पण पास उलट जास्त अचूक गेले. म्हणजे आळस नाही, डोकं लावून खेळतात ते.

खरा राग फिफाचा येतो. ऊन-दमटपणा सगळं धरून मोजतात त्या वेट बल्ब ग्लोब टेंपरेचरमध्ये ३२ झालं की यांचा पाण्याचा ब्रेक, आणि खेळाडूंची युनियन फिफप्रो म्हणतेय २८ च्या वर गेलं तर मॅचच पुढे ढकला. कोण ऐकतंय? १९९४ च्या वर्ल्डकपची फायनल याच रोझ बोलमध्ये दुपारी साडेबाराला खेळवली होती, ०-० झाली, पेनल्टीवर गेली. तीस वर्षांनंतर तेच मैदान, तीच दुपार! २०२६ च्या वर्ल्डकपला काय शोधून काढलं, तर प्रत्येक हाफमध्ये ३ मिनिटांचा ब्रेक. आणि फायनल? जुलै महिन्यात, न्यू जर्सीत, दुपारी ३ ला.

संध्याकाळी ७ ला ठेवा ना मॅच. युरोपवाल्यांना मध्यरात्री नाहीतर पहाटे उठावं लागेल, उठू देत, आम्ही त्यांच्या चॅम्पियन्स लीगसाठी इतकी वर्षं रात्रभर जागतोय आणि सकाळी ऑफिसलाही जातोय, आम्हाला विचारून कोणी कधी टाइम बदलला नाही.